आमचं आम्ही करू: कॉटेजमधल्या चार रात्रींचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांना विचारून लिहिते आहे. नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव गाळलं आहे. तिला वंदना म्हणू, नवऱ्याला सुहास. हे दोघे, सासूबाई आणि कॉटेजवर देखरेख करणाऱ्या काकू अशा चौघांशी मी वेगवेगळं बोलले. चौघांच्या हकिकतींत फारसा फरक नाही, पण सुरुवात प्रत्येकाची निराळी आहे. सुहासची गोष्ट बुकिंगपासून सुरू होते, वंदनाची गाडीच्या डिकीपासून आणि काकूंची एका प्रश्नापासून.

पार्श्वभूमी

वंदना पुण्यात एका बँकेच्या करन्सी चेस्टमध्ये आहे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाणी साठवायच्या तिजोरीवर. सुहास कर सल्लागार. त्याचं ऑफिस राहत्या घरातल्याच एका खोलीत. मुलगा दहा वर्षांचा. सासूबाई एकाहत्तरच्या, माळकरी, मधुमेहाच्या गोळ्या चालू.

या घराची शेवटची सहल मे २०१७ मध्ये झाली, गणपतीपुळ्याला. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि सुहासच्या महिन्याला विवरणपत्रांच्या तारखांचे खुंटे ठोकले गेले. मग कोविड आला, मग सासऱ्यांचं दीर्घ आजारपण, मग वंदनाची बदली. ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं गेलं की मुलगा त्याची नक्कल करायला लागला होता.

सुट्टी शेवटी मिळाली ती रिझर्व्ह बँकेमुळे. तिजोरी, करन्सी चेस्ट अशा संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग रजेवर पाठवावं, आणि तेही आधी न सांगता, असा नियम आहे. माणूस अचानक खुर्चीवरून उठला की मागे काही लपवलेलं असेल ते उघड्यावर येतं, हा त्यामागचा हिशोब. वंदना चेस्टवर नवीन, तिची ही पहिलीच वेळ. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी ती कामावर गेली, साहेबांनी पत्र हातात दिलं, किल्ल्या दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या आणि साडेअकराला ती घरी परत. या रजेत बँकेचं काम करता येत नाही, बँकही काम सांगत नाही. म्हणजे दहा दिवस ऑफिस तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नव्हतं. ऑफिसच फक्त.

सोमवारी दुपारी तिने माळा काढला. मंगळवारी फ्रीज.

बुकिंगची रात्र

मंगळवारी २० तारीख. अशिलांची विवरणपत्रं भरून सुहास रात्री साडेबाराला मोकळा झाला आणि त्याने मोबाइल उघडला. २६ जानेवारी सोमवारी येत होती. गुरुवारी निघायचं, सोमवारी परत, मुलाची शाळा दोनच दिवस बुडेल. ठिकाण दापोली तालुक्यातला मुरुड-हर्णै पट्टा.

त्याच्यासमोर तीन पर्याय होते. समुद्राला लागून एक हॉटेल होतं. नाश्ता-जेवण आत, पण चौघांना दोन खोल्या लागणार आणि जोडसुट्टीमुळे भाव चढलेले. दुसरी, सरकारच्या न्याहारी व निवास योजनेसारखी घरगुती सोय. घरमालकांच्याच घरात खोली आणि त्यांच्याच पंगतीत जेवण. तिसरं होतं एक स्वतंत्र कॉटेज: जांभ्याच्या भिंती, वर कौलं, दोन खोल्या, ओटी, ओटीवर झोपाळा, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि स्वयंपाकघर. रात्रीचे ४,५००. मालक मुंबईत, शेजारी राहणारं एक जोडपं देखरेखीला.

सुहासने तिसरा निवडला. त्याचं कारण त्याने मला सांगितलं ते शब्दशः लिहिते: “आईचं पथ्य असतं, म्हटलं स्वयंपाकघर आहे तर आपलं आपल्याला हवं तसं करता येईल.”

या वाक्यापाशी मी बराच वेळ अडले. आपल्या भाषेत ही एक फार सोयीची रचना आहे. करता येईल, होऊन जाईल, बघता येईल. यात कर्ता सांगावाच लागत नाही. सुहासने कर्ता लपवला असं मी म्हणणार नाही, त्याला तो दिसलाच नव्हता. वंदनाला मात्र वाचताक्षणी दिसला. त्याने सकाळी फोटो दाखवले तेव्हा तिने झोपाळ्याचा फोटो पाहिला, मग स्वयंपाकघराचा मोठा करून पाहिला आणि विचारलं, “मिक्सर आहे का?”

पहिला निर्णयबिंदू हा होता, आणि तो चाळीस सेकंदांत निघून गेला. जेवणाचं काय, असं तिने विचारलं नाही. मिक्सरचं विचारलं.

बुधवारी तिने सामान भरलं. मिसळणाचा डबा, दोन किलो ज्वारीचं पीठ, तूरडाळ, बेसन, छोटा कुकर. परक्या घरचा तवा चिकटतो म्हणून तवा, आणि पोळपाट-लाटणं. डिकीत कपड्यांच्या बॅगा या सगळ्याच्या वर बसल्या.

पहिले दीड दिवस

ताम्हिणीने उतरून माणगाव, पुढे मंडणगडवरून दापोली असं करत चारच्या सुमारास पोहोचले. कॉटेज फोटोत होतं तसंच होतं, हे आवर्जून सांगते, कारण अशा प्रकरणांत दोष बहुधा जागेचा निघतो. इथे तो नव्हता. न्हाणीघर स्वच्छ, पांघरुणं धुतलेली, वाडीत पाटाचं पाणी खेळत होतं. मोबाइलची रेंज मात्र फक्त विहिरीच्या कट्ट्यावर, तीही पूर्वेकडे तोंड केलं तर.

शेजारच्या काकू चावी द्यायला आल्या. त्यांनी विचारलं, “जेवणाचं काय करायचं? सांगाल तसं करते.” सामान उतरवता उतरवता सुहास म्हणाला, “नाही, नको. आमचं आम्ही करू.” वंदना तेव्हा मुलाला न्हाणीघर दाखवत होती. तिला हा संवाद शुक्रवारी रात्री कळला.

गुरुवारी रात्री पिठलं-भाकरी झाली. सगळ्यांना फार आवडली. सासूबाई म्हणाल्या, इथल्या पाण्याला चव आहे.

शुक्रवारी वंदना सव्वासहाला उठली. चहा, मग सुहास उठल्यावर पुन्हा चहा. मुलाला दूध, पोहे. भांडी. सासूबाईंची सकाळची भाकरी-भाजी. दुपारचा कुकर, कोशिंबीर, पोळ्या, भांडी. चारला चहा. मी तिच्यासोबत बसून नंतर हिशोब केला, तर संध्याकाळी सहापर्यंतच तिची ३४० मिनिटं स्वयंपाकघरात गेली होती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला होता, पुरुषांचा ९७. म्हणजे सुट्टीच्या पहिल्या पूर्ण दिवशी, संध्याकाळचा स्वयंपाक व्हायच्या आत, वंदना देशाच्या सरासरीपुढे निघून गेली होती.

यात एक बारीक गोष्ट आहे. पुण्याच्या घरी पोळ्यांना मावशी येतात, भांड्यांना दुसऱ्या मावशी. नोकरी करणाऱ्या बाईचं शहरातलं स्वयंपाकघर असं तीन-चार हातांवर चालतं. कॉटेजमध्ये ते सगळे हात गळून पडले आणि उरले दोनच. घरच्यासारखी जागा मिळाली खरी, पण घर चालवणाऱ्या बायका मागे राहिल्या.

सुहास मजा मारत होता असंही नाही. एका अशिलाला नोटीस आली होती, तो विहिरीच्या कट्ट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसला होता. मुलगा कासवांसाठी हट्ट धरून होता. बाबांनी गाडीत कबूल केलं होतं की समुद्राकडे पळणारी पिल्लं दिसतील.

शुक्रवारची संध्याकाळ

पाचला सुहास मुलाला घेऊन हर्णैला गेला. तिथला लिलाव बघण्यासारखा असतो हे मी स्वतः पाहिलं आहे. बोटी जरा आत थांबतात, मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येते, आणि टोपल्यांभोवती अशा भाषेत बोली चालते की बाहेरच्याला आकडा कळेपर्यंत माल उचललेला असतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. सुहासला एकदम सुट्टीवर आल्यासारखं वाटलं. येताना त्याने एका मावशीकडून दीड किलो कोळंबी घेतली. ताजी, सालासकट, डोक्यासकट.

सातला त्याने ती पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, “बघ काय आणलंय!”

ओट्यावर तेव्हा सासूबाईंसाठी दुधीची भाजी शिजत होती. म्हणजे आता माळकरी माणसाचा स्वयंपाक एकीकडे आणि दुसरीकडे कोळंबी, भांडी वेगळी, सुरी वेगळी, ओटा पुन्हा धुवायचा. दीड किलोची डोकी काढायची, सालं सोलायची, पाठीवर चीर देऊन काळा धागा ओढायचा. पिशवीतून पाणी गळायला लागलं होतं आणि पोळपाटाकडे चाललं होतं. वंदनाने पोळपाट उचलून भिंतीशी उभा केला. गॅस बंद केला. हात धुतले, पदर नव्हता म्हणून ओढणीलाच पुसले, आणि मागच्या दाराने जाऊन अंधारात पाटाच्या कडेला बसली.

ती ओरडली नाही. दहा मिनिटांनी सासूबाईंनी भाजी करपेल का म्हणून विचारलं, तेव्हा गॅस बंद असल्याचं लोकांच्या लक्षात आलं.

समोरचे पर्याय

सुहास मागे गेला. सुरुवातीचं बोलणं दोघांनीही मला नीट सांगितलं नाही, आणि मीही खोदलं नाही. नंतर जे समोर मांडलं गेलं ते असं.

सकाळी निघून परत जायचं, हे वंदनाचं पहिलं म्हणणं. चार रात्रींचे पैसे भरलेले, पण तिला पैशांशी देणंघेणं नव्हतं. सुहासला ही शिक्षा वाटली. मला वाटतं तिच्यासाठी ती शिक्षा नव्हती, पुण्यात निदान मावशी होत्या.

हॉटेलात हलायचं. सुहासने कट्ट्यावर जाऊन चार फोन केले. २६ जानेवारीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी किनाऱ्यावर खोली मिळणं शक्यच नव्हतं.

सुहासने स्वयंपाक करायचा. हा त्याचा स्वतःचा प्रस्ताव, मनापासून दिलेला. वंदना म्हणाली, “तू करशील, आणि मीठ कुठंय, तेल किती, हे मला विचारशील.” सुहासला हे लागलं. पण खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत ज्याने कुकर लावला नाही त्याची शिकवणी सुट्टीतल्या शुक्रवारी रात्री, परक्या ओट्यावर, दीड किलो कोळंबीवर सुरू करणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

बाहेर जेवायला जायचं. सासूबाईंना रोज दोन वेळा गाडीत बसवून न्यायचं, पथ्य सांभाळायचं. एखाद्या वेळेला ठीक.

पाचवा पर्याय या दोघांना सुचलाच नाही. तो कुंपणापलीकडून आला. अंधारात माणसं बसलेली पाहून काकू बॅटरी घेऊन आल्या, आणि ओट्यावरचा प्रकार त्यांना मुलाने सांगितला. त्या म्हणाल्या, “वहिनी, कोळंबीला पाणी सुटेल. द्या ती माझ्याकडे. आणि मी पहिल्या दिवशी विचारलं होतं हो, साहेब नको म्हणाले.”

काय केलं

त्या रात्री काकूंनी कोळंबीचं कालवण केलं. मसाला, नारळ, मेहनत त्यांची. पैसे आधी नको म्हणाल्या, मग तीनशे घेतले.

शनिवारपासून दोन्ही वेळचं जेवण आणि नाश्ता काकूंकडून. मासळीचं ताट ३२०, साधं १८०, मुलाचं १६०. कॉटेजचं स्वयंपाकघर चहापुरतं उघडं, आणि चहा सुहासकडे. हे ठरवताना वंदनाने एक अट घातली: काय जेवायचं, किती वाजता, हे काकूंशी सुहासने बोलायचं. आज काय करू, हा प्रश्न तिच्यापर्यंत येता कामा नये. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यात नेमका निर्णय हा. नुसता स्वयंपाक दुसरीकडे दिला असता तर ठरवणं, सांगणं, आठवण करणं तिच्याकडेच राहिलं असतं.

अडचणी आल्याच. सासूबाईंना परक्या घरचं मीठ जास्त वाटलं. शनिवारी दुपारी तांदळाची भाकरी आली, ती त्यांनी आवडीने दोन खाल्ल्या, आणि रविवारी सकाळी ग्लुकोमीटरवर २१० आले. सुहासने ज्वारीचं पीठ काकूंकडे नेऊन दिलं. काकूंचा हात तांदळाच्या उकडीवर बसलेला, ज्वारीची भाकरी काठाला चिरत होती. शेवटी सासूबाई स्वतः उठून त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसल्या आणि थापायला लागल्या. दोन दिवस झोपाळ्यावर बसून त्यांना कंटाळा आला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांची सुट्टी म्हणजे ती चूल. सुनेची नव्हती.

वंदना शनिवारी साडेनऊपर्यंत झोपली. उठल्यावर काय करावं ते तिला कळेना. तिने मुलाचे कपडे धुतले, मग चिडून ते पिळून ठेवले आणि वाळत घातलेच नाहीत. दोनदा जाऊन गॅसचं बटण बघून आली. दुपारी काका वाडी दाखवत होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतली बहुतेक सुपारी आडवी झाली, कौलं उडाली, वीज किती दिवस नव्हती ते मोजायचं सोडून दिलं, असं सांगत. नवी रोपं आता डोक्याएवढी झालीत, पण हाताशी उत्पन्न नाही. कॉटेजचं भाडं मुंबईला मालकाकडे जातं, यांना देखरेखीचे ठरलेले पैसे. हातात स्वतःचा पैसा येतो तो पाहुण्यांच्या जेवणातून, आणि तो काकूंचा. ‘आमचं आम्ही करू’ याचा अर्थ वंदनाला तेव्हा दुसऱ्या बाजूनेही कळला.

संध्याकाळी ती एकटीच समुद्रावर गेली. ओहोटी होती. किती वेळ होती ते तिने सांगितलं नाही. मोबाइल कॉटेजवर होता.

कासवांचं उलगडायला रविवार उजाडला. ऑलिव्ह रिडलेची अंडी घालायची वेळ हिवाळ्यात, पिल्लं निघायला साधारण ४५ ते ६० दिवस. त्यामुळे पिल्लं बघायची तर फेब्रुवारी-अखेर ते एप्रिल गाठायला हवेत. सुहासने हे बुकिंगच्या रात्री पाहिलंच नव्हतं. तो मुलाला आंजर्ल्याला घेऊन गेला, जाळी लावलेली जागा दाखवली, आणि पिल्लं आज नाहीत, चूक माझी, असं सरळ सांगितलं. मुलगा रडला. मग किती तारखेला निघतील याचं बोटांवर गणित करत बसला.

निष्पत्ती

सोमवारी दुपारी निघाले. राहण्याचे १८,०००, काकूंचे चार वेळचं जेवण आणि दोन नाश्ते धरून सुमारे ४,४००. दोन खोल्यांच्या हॉटेलपेक्षा कमीच. दीड किलोच्या वर ज्वारीचं पीठ काकूंकडे ठेवून आले.

वंदना मला म्हणाली, सुट्टी दीड दिवसाची झाली. सुहास म्हणतो, चार दिवसांची झाली, मध्ये एक संध्याकाळ वाईट गेली. दोघेही आपापल्या मोजणीवर ठाम आहेत.

पुण्यात परतल्यावर रविवारी रात्री स्वयंपाक बंद असं ठरलं. तीन रविवार टिकलं. मग मार्चअखेर आली, दोघांचीही, आणि ते बारगळलं. सकाळचा चहा मात्र अजून सुहासच करतो. साखर जास्त घालतो.

वेगळं काय करता आलं असतं

बुकिंगआधी एकच प्रश्न पुरला असता: तिथे ताट कोण वाढणार? जागा कशी, रेंज आहे का, पार्किंग आहे का, हे सगळं लोक विचारतात. स्वयंपाकघर असलेली जागा घेऊच नये असं मी म्हणणार नाही. लहान बाळ असेल, कडक पथ्य असेल तर ते लागतंच. पण एका माणसाच्या पथ्यासाठी चौघांचा स्वयंपाक ओढवून घेण्याऐवजी, काकूंना आधी फोन करून एक ताट ज्वारीच्या भाकरीचं आणि कमी मिठाचं सांगता आलं असतं. या पट्ट्यात घरगुती जेवण देणारे असं करतात. त्यांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे, एवढंच.

काकूंबद्दलही सांगते, कारण त्यांनी स्वतः विचारलं. त्यांचा प्रश्न बरोबर होता, माणूस चुकला. जेवणाचं गाडी चालवून आलेल्या पुरुषाला विचारलं की ‘नको’ येतं. आता त्या हात-पाय धुऊन झाल्यावर, सगळे ओटीवर बसले की विचारतात. मालकाने बुकिंगच्या संदेशातच ताटांचे दर टाकले तर काकूंना विचारायचीही पाळी येणार नाही. हे मी त्यांना सुचवलं. मालकाला सांगायला त्या कचरतात.

वंदनाचा वाटा यात होता का, यावर आमचं एकमत नाही. सुहास म्हणतो, तिने आधी सांगायला हवं होतं, मी काय मनकवडा आहे? डिकीत पोळपाट ठेवताना ती गप्प होती, हे खरं आहे. वंदना म्हणते, सांगावं लागणं हेसुद्धा कामच. मी तिच्या बाजूने झुकते, पण पूर्ण नाही. मिक्सरऐवजी तिने जेवणाचं विचारलं असतं तर सुहासने हॉटेल किंवा न्याहारी-निवास पाहिलं असतं, एवढा तो समजूतदार आहे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत गप्प राहून मग गॅस बंद करणं हा त्यातल्या त्यात महागडा मार्ग होता. तिने तो निवडला असंही म्हणवत नाही. इतकी वर्षं जिला कोणी विचारलं नाही, तिला विचारण्याची सवय कुठून लागणार?

मुलाचं गणित सांगत होतं की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जायला हवं. तेव्हा सुहासची घाई, वंदनाची वर्षअखेर. गेले नाहीत. मेमध्ये जायचं घाटतंय, कासवांशिवाय. काकूंचा नंबर सुहासच्या फोनमध्ये आहे. वंदनाने तो घेतलेला नाही.